तिसरं कापरं

आमच्याकडे माणूस दोनच कारणांनी कापायचा,
थंडीने, नाहीतर भीतीने.
आई म्हणायची, कापरं भरलंय हिला, घोंगडी आणा.
कशाचं, ते विचारायची पद्धत नव्हती.

हडर्सफील्डमध्ये तीस वर्षं मी दात काढले.
माणसं माझ्या खुर्चीत यायची, हत्ते गच्च आवळून,
खाणीतले, लोकरीच्या गिरणीतले,
एकदा तर रग्बीचा गडी, मान वासराएवढी,
सुई बघून रडला.
मी म्हणायचे, काही नाही, जरासं टोचेल.
आणि मनात, एवढ्याशा दाताला
एवढा मोठा माणूस भितो कसा?

हात नंतर थरथरला.
आधी गॅसची खुंटी.
बंद केली का? केली. केली ना?
न्यू नॉर्थ रोडवरून दोनदा घरी परत आले,
मी, जिने दवाखान्याची किल्ली कधी
दुसऱ्यांदा फिरवून पाहिली नाही.
मग फोन वाजला की पोटात गोळा,
ऋजुताचा असला तरी.
ती विचारायची, आई, साबुदाणा किती वेळ भिजवू?
आणि मी भिंतीला टेकलेली.
मुकुंद म्हणाला, वय झालं. मी म्हटलं, रिकामपण.
चार वर्षांनी डावा अंगठा
तर्जनीवर काहीतरी वळायला लागला,
दिवसभर, कसल्यातरी पिठाची
कधी न संपणारी गोळी.

नर्स गिलियनने फाईल मिटली.
म्हणाली, भीती कधीकधी आजाराच्या आधी येते, डॉक्टर,
पाहुणा पोचायच्या आधी
त्याची ट्रंक येऊन पडावी तशी.
किती जणांना? मी विचारलं.
(आकडा मिळाला की मला बरं वाटतं.)
बाहेर बसलेत त्यांतला दर तिसरा धरा, ती म्हणाली,
आणि हे फक्त सांगणारे.
बाहेर येऊन मी मोजलं.
टोपीवाला एक, काठीवाली दोन,
तिसरी खुर्ची रिकामी होती.
तिथे माझी पर्स होती.

दुपारी तीन चाळीसला औषध ओसरतं.
पुढची गोळी चारला.
त्या वीस मिनिटांत
पोस्टाच्या रांगेत मागच्या बाईने नुसता श्वास सोडला
तरी काळजात धस्स होतं.
कशाला भ्यायले? कशालाच नाही.
कर्म नसलेलं क्रियापद.
पाय फरशीला चिकटतात,
कार्डाचे चार आकडे कुठल्याकुठे जातात,
आणि काउंटरमागचा पोरगा विचारतो, यू ऑलराइट, लव्ह?
मी हसते. चेहरा हसत नाही.
तोही या आजाराने नेलाय.

गुरुवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये
आम्ही अठराजण, खुर्च्या गोल लावून.
व्यायाम घेणारी मुलगी विचारते,
पहाटे छाती धडधडून कोण जागं होतं? हात वर करा.
आता आमच्यात हात वर केलेला कुठला
आणि आपसूक हलणारा कुठला?
तीनदा मोजून तिने नाद सोडला.
नसीम आपा खो-खो हसल्या,
मग सगळेच.

चहाला डेरेक शेजारी आला,
लॉरी चालवायचा, स्कॉटलंडपर्यंत, एकटा, बर्फातसुद्धा.
आता जिन्याच्या वरच्या पायरीला भितो.
म्हणाला, एकोणनव्वद साली तुम्ही माझी दाढ काढलीत.
मला आठवेना. दाढ दाखवली असती तर कदाचित.
तुम्ही म्हणालात, जरासं टोचेल.
मग?
मरणाचं दुखलं, बाई.
आणि त्याने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.
मी दुसऱ्या बाजूने धरली.
बशी वाजत राहिली टेबलावर,
कोणाच्या हाताने, ते आम्ही पाहिलं नाही.
भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते.